यश कोणाचें?

वाकडहून मुळा ओलांडली, कीं बालेवाडीचें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल लागतें. तेथें २०१४ पासून पांच मोसम पुणें सिटी हा फुटबॉलचा संघ खेळला. दर मोसमास शिक्षक नवा. त्यांपैकीं हाबास यांनीं २०१४ सालीं कोलकात्यास अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. पुण्यास मात्र २०१६ मध्यें त्यांच्या हाताखालीं उपान्त्य फेरीही गांठतां आली नाहीं. पुढें पोपोविच यांनीं ती गांठून दिली, तरी पुढल्या मोसमास शिक्षक निराळाच. २०१९ मध्यें संघच मावळला.

शिक्षकाच्या हातीं कांहींच नसतें, असें नव्हे. परंतु माळी बदलला म्हणून कलम एका रात्रींत मोहरत नाहीं.

गतवर्षीं आमच्या महाविद्यालयाचा संघ पहिल्याच फेरींत हरला, तेव्हां शिक्षक बदलण्याच्या ठरावास मींही हात वर केला. आतां नवे शिक्षक आले आहेत, आणि ‘यंदा तरी संघ सुधारेल काय?’ असें जो तो विचारतो. मला आठवतें तें निराळेंच. सरावास निम्मींच मुलें येत. उरलेलीं सायंकाळीं माझ्या जादा तासास बसलेलीं असत. हात वर करतांना हें मला ठाऊक होतें!

ज्या कामास आपण वेळ दिला नाहीं, त्याचें फळ मागण्याचा आपणांस अधिकार कोणता? शिक्षक बदलणें सोपें, कारण त्यांत आपणांस स्वतः बदलावें लागत नाहीं. माझा सायंकाळचा तास मीं आतां बंद केला आहे. संघ सुधारला कीं नाहीं, तें तीन वर्षांनीं विचारावें.