नजर आणि लक्ष

मराठीने ‘नजर’ आणि ‘लक्ष’ हे दोन शब्द वेगळे ठेवले, हे फार चांगले केले. फळ्याकडे टक लावून बसलेल्या मुलाला गुरुजी ‘लक्ष कुठे आहे?’ असे विचारतात, तेव्हा त्यांची तक्रार नजरेबद्दल नसतेच.

रडारच्या पडद्यापुढे बसणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या बाबतीत हा भेद माणसांच्या जिवावर बेततो. आपले डोळे सेकंदाला साधारण तीनदा उडी घेतात आणि उडी चालू असताना जवळजवळ काहीच पाहत नाहीत. दिसते ते दोन उड्यांमधल्या विसाव्यात. कॅमेऱ्याने हे विसावे मोजता येतात. रशियन शास्त्रज्ञ यार्बुस यांचा या विषयावरील ग्रंथ १९६५ साली निघाला. त्यांनी एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले. माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे. सांपत्तिक स्थिती विचारली की कपड्यांवर, सामानावर. डोळा हा असा प्रश्नाचा चाकर!

मग डोळा चुकला तर दोष कोणाचा? १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगेनजवळ दोन विमाने आकाशात आदळली. ७१ माणसे गेली, त्यांत कितीतरी शाळकरी मुले. झुरिकच्या केंद्रात एकटा नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, आणि ही पद्धत वरिष्ठांना ठाऊक असलेली. दुरुस्तीच्या कामामुळे मुख्य दूरध्वनी बंद होता, टकरीचा इशारा पडद्यावर दाखवणारी सोयही बंद. उशिरा आलेल्या तिसऱ्या विमानाला उतरवण्यात तो गुंतला होता. टक्कर पाऊण मिनिटावर आली तेव्हा त्याने एका वैमानिकाला खाली यायला सांगितले. त्याच विमानातले यंत्र मात्र वर जा म्हणत होते.

२००४ मध्ये, पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका पित्याने त्या नियंत्रकाचा खून केला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने व्यवस्थापनातील चौघांना दोषी ठरवले. पित्याने डोळ्यांना जबाबदार धरले, न्यायालयाने त्या डोळ्यांपुढे दोन पडदे ठेवणाऱ्यांना. मला न्यायालयाचे म्हणणे पटते. तिसऱ्या विमानातल्या प्रवाशांकडे पाहणे हेही त्याचे कर्तव्यच होते; एका कर्तव्याकडे वळलेली नजर दुसऱ्याकडे पाठ करते, याला हलगर्जी कसे म्हणावे? पण सगळा भार व्यवस्थेवर टाकायलाही मन धजत नाही. आपले लक्ष आपले नाहीच असे मानणाऱ्या माणसाच्या हाती विमाने कोण सोपवील?

डोळे टिपणारा कॅमेरा उद्या कामावरच्या नियंत्रकापुढे बसवायचा ठरला, तर माझी एकच अट राहील. त्या क्षणी त्याच्यापुढे किती पडदे होते आणि शेजारची खुर्ची भरलेली होती की रिकामी, हेही त्याच टिपणात नोंदले जावे.