चव्वेचाळीस महिन्यांचा नारळ

‘नारळ एवढे महागलेत, म्हणजे तुमच्या मामांची चंगळ असेल!’ सोसायटीतले एक स्नेही सहज बोलून गेले आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एप्रिलमध्ये श्रीवर्धनला मामांच्या वाडीत मी वेगळंच पाहून आले होते. माडांच्या बुंध्याशी सुपारीएवढ्या बोंडांचा सडा पडला होता आणि मामी तो सुपात भरून चुलीकडे नेत होती.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ सगळ्यांना ठाऊक आहे. अरबी समुद्र तापतोय, हेही. वाड्या आडव्या झाल्या, पंचनामे झाले, माडामागे २५० आणि पोफळीमागे ५० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी, पण झाड मोजलं तरी गेलं. पडझड दिसते, बोंडांची गळ दिसत नाही. हा फरक मला छळतो.

माड महिन्याला साधारण एक पोय, म्हणजे फुलोरा, टाकतो. पण गाभ्यात धरलेली पोय बाहेर पडायला सुमारे ३२ महिने लागतात आणि नारळ पिकायला पुढे आणखी १२. म्हणजे आज देवापुढे वाढवलेल्या नारळात जवळजवळ चार वर्षांपूर्वीचा उन्हाळाही असतो. ऐन उन्हात ओल तुटली, पराग करपले, की बोंडं गळतात. पोय गाभ्यातच खुरटली, तर गळायलाही काही उरत नाही.

स्नेही म्हणाले, विमा काढावा. नारळाचा विमा आहेच, पण माड मेला किंवा निकामी झाला तर. निम्मेच नारळ देणारा उभा माड त्याच्या लेखी धडधाकट! चढ्या भावाने तूट भरून निघते, हेही मला पटत नाही. नारळ पाडण्याची मजुरी झाडावर ठरते, नारळांवर नाही. पेंडीत दहा असोत की चार, चढणाऱ्याला तेवढेच द्यावे लागतात, आणि जिवावर उदार होऊन चढणाऱ्याला ते द्यायलाच हवेत.

गळीचेही पंचनामे व्हावेत, असं लिहायला मी बसले होते. पण एका पेंडीतली तूट कुठल्या उन्हाळ्याच्या खात्यावर टाकायची? कुठल्याच तलाठ्याला ते सांगता येणार नाही. म्हणून आता मी म्हणते, पैसा गळ होण्याआधी यावा: विहिरीसाठी, ठिबकसाठी, आच्छादनासाठी.

मामांनी यंदा नारळाची सोडणं विकली नाहीत. आळ्यांत पालथी रचली आहेत. भर दुपारी त्यांच्याखाली हात घातला, तर माती गार लागते.