सारथ्याचा दोष



कठोपनिषदातील रथाचे रूपक आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. शरीर हा रथ, आत्मा त्याचा स्वामी, बुद्धी सारथी, मन हे लगाम आणि इंद्रिये हे घोडे. ते ऐकताना, रथ भलतीकडे गेला तर अपराध घोड्यांचाच, असे आम्ही धरून चालत होतो. घरच्या एका खोंडाने आमची ही समजूत मोडली.

हा खोंड अंगाने अगदी ठेंगणा. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि मलनाडात अशी गुरे पुष्कळ. कन्नडात त्यांस ‘मलनाड गिड्डा’ म्हणतात, आणि ‘गिड्डा’ म्हणजे ठेंगणाच. आमच्या गुंजीकडे पाऊस दांडगा, खाचरे भाताची. हलके जनावर चिखलात फारसे रुतत नाही, म्हणून वडिलांनी तो घेतला. त्यास गाडीस लावण्याचे काम आमच्याकडे आले.

आरंभ रीतीप्रमाणे झाला. वेसण सोसू लागल्यावर आम्ही त्यास कासऱ्याने रोज फिरवीत असू. हाक मारली की निघावे, ‘हो’ म्हटले की थांबावे, एवढेच. पुढे मानेवर नुसते जू ठेवले, मग मागे लाकडाचा लहानसा ओंडका बांधला. ओंडक्याच्या खरखरीने तो बिचके, रेल्वेची शिटी झाली की चारी पाय रोवून उभा राही. त्या वेळी ओढाताण न करता गाडी निघून जाईपर्यंत थांबावे लागे. हे सर्व महिनाभर तरी चालावयाचे. परंतु आम्हास घाई. पंधराव्या दिवशी शेजारच्यांचा उंच, जाणता बैल मागून आणला आणि दोघांस गाडीस जुंपले.

खोंड वीस पावले चालला आणि बसला. आम्ही ओरडलो, शेपूट पिळली. शेवटी पराणी टोचली. तो उठला, दोन पावले गेला, पुन्हा बसला. “हा अडेलच निघाला,” असा निवाडा आम्ही तेथल्या तेथे दिला.

बांधावर बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून आले. त्यांनी खोंडाकडे पाहिलेच नाही, जुवाकडे पाहिले. उंच बैलाच्या बाजूने जू वर चढलेले, खोंडाच्या बाजूस कललेले. त्यांनी ते उचलले तेव्हा खाली मानेची कातडी सोलून निघालेली दिसली. ते एवढेच म्हणाले, “जोड उंचीनं बघून लावावी, बाळा.” आम्ही मान खाली घातली. देवीपुढे रोज धूप-दीप करणाऱ्या घरातील हात, आणि त्या हातात पराणी! टोकदार पराणीस तर 1965 च्या केंद्रीय नियमांनीही मनाई केली आहे. पण तेथे नियमाची आठवण होणे म्हणजे सुद्धा लाजच.

जखम भरेपर्यंत त्यास जू दाखविले नाही. त्या दिवसांत वडिलांसमवेत ते उपनिषद पुन्हा वाचले. तेथे दुष्ट घोड्यांचा उल्लेख आहे खरा. परंतु तो येतो कोठे? ज्यास विवेक नाही, ज्याचे मन कधी जुळलेले नाही, अशा पुरुषाच्या वर्णनात. त्याची इंद्रिये अनावर होतात, आणि ज्याचा विवेक जागा आहे त्याची इंद्रिये सारथ्याच्या चांगल्या घोड्यांसारखी वागतात. श्रुतीने बोट ठेवले आहे ते आसनावर बसलेल्यावर. आपण उपास-तापास करून इंद्रियांस टोचीत बसतो, आणि जू कोठे कलले आहे हे पाहावयाचे राहून जाते. घरातील मुलांच्या बाबतीतही काही पालकांचे असेच होत असावे. आम्ही वयाने लहान, तेव्हा अधिक बोलत नाही.

पुढे गावातच एक ठेंगणा बैल मिळाला. प्रथम रिकामी गाडी, मग दोन भारे गवत. पराणी आढ्यावर आहे. परवा फाटकापाशी आगगाडी आली तेव्हा खोंडाने कान टवकारले, जोडीदाराकडे पाहिले आणि तो रवंथ करू लागला. आम्ही कासरा सैल सोडून बसलो होतो.