कुजण्याची कला

आपण निर्मितीची स्तोत्रे गातो; कुजण्यापाशी मात्र नाक दाबून पाठ फिरवतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती साहित्य गोळी न लागताच विरत होते. बूगनविल बेटावरच्या अशाच एका तंबूतून वेगळी काढलेली बुरशी एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे वर्षानुवर्षे अभ्यासली, आणि १९७७ मध्ये रीस यांच्या सन्मानार्थ तिला ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळाले. जिला रोखायचे होते तिच्याकडूनच शिकावे लागले. ज्ञानाच्या वाटेवर वैराचे असे रूपांतर विरळ नसावे.

त्या सुती तंबूंतले, एरवी वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत असणारे सेल्युलोज आणि आपल्या भातातला स्टार्च दोन्ही ग्लुकोजचेच. सांधा तेवढा निराळा, आणि त्या एका सांध्यापायी भात आपले अन्न ठरतो, पेंढा ठरत नाही. बुरशीची विकरे हाच सांधा सोडवतात: एक साखळीला मध्येच छेद देते, दुसरे मोकळे झालेले टोक धरून पुढे सरकत ग्लुकोजच्या जोड्या सुट्या करते, तिसरे त्या जोड्या फोडते. जुनी वीण न ओरबाडता उसवणाऱ्या जाणत्या हाताचाच हा संयम. आणि यांतल्या एकट्याने फारसे साधत नाही, हे कळले की विनाशाच्या आपल्या कल्पनेतला आततायीपणा आपल्यालाच जाणवू लागतो.

मला अधिक विचारात पाडते ते बुरशीचे जेवण. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. ती विकरे बाहेर सोडून देहाबाहेरच पचवते आणि विरघळलेले तेवढे शोषून घेते. साहजिकच तिच्या श्रमाची साखर शेजारच्या जिवाणूंच्याही वाट्याला जाते. कष्टाचे फळ पूर्णपणे आपलेच राहील अशी हमी न मागता चाललेल्या या व्यवहारावर अरण्यांची माती उभी आहे, आणि स्वामित्वाचा आपला हट्ट त्या मातीपुढे फार अलीकडचा वाटतो.

आज अशाच विकरांनी कोऱ्या जीन्सला जुनेपणाची झाक देतात. सैनिकांच्या तंबूंना जे जीर्णपण आले, तेच आपण दाम मोजून अंगावर घेतो. आपल्याकडचा शेतकरी उसाचे पाचट लवकर कुजावे म्हणून याच कुळातली बुरशी शेतात वापरतो. कुजणे म्हणजे पुढच्या पिकाची तयारी, हे त्याला ग्रंथावाचून ठाऊक असते. बांधलेले सोडवता येणे हीसुद्धा विद्याच आहे, आणि जी संस्कृती केवळ न विरणाऱ्या वस्तू घडवत राहते, तिची विद्या अर्धीच राहिली आहे.