आहे का नाही

नागपूरहून पवनीला परतताना एसटीत आत्याने विचारलं, "मले एवढंच सांग बाबू, कॅन्सर आहे का नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कापतेत काहून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी धड खोटं बोललो नव्हतो, खरंही बोललो नव्हतो. तिच्या गळ्याशी सुपारीएवढी गाठ होती. सुईने काढलेल्या पेशींच्या अहवालात 'फॉलिक्युलर निओप्लाझम' असं लिहिलं होतं. या वर्गातल्या शंभर गाठींपैकी साधारण ३० कर्करोगाच्या निघतात. म्हणजे शंभर जणींना मी 'नाही' म्हणालो असतो, तर सत्तरेक वेळा खरा ठरलो असतो. पण बसमध्ये शेजारी शंभर जणी नव्हत्या, एकटी आत्या होती.

थायरॉइडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पॅपिलरी प्रकारचा कर्करोग पेशीच्या केंद्रकावरून बहुधा ओळखता येतो. फॉलिक्युलर प्रकारात मात्र साध्या गाठीतली पेशी आणि कर्करोगातली पेशी सारखीच दिसते. गाठीभोवतीचं कवच किंवा एखादी रक्तवाहिनी तिने भेदली का, यावर सगळं ठरतं, आणि ते सुईला दिसत नाही. रात्री मी आत्याला विचारलं, "बांधीतलं मूठभर धान दाखवलं, तर पीक धुऱ्यापलीकडे गेलं का ते सांगशील?" धुऱ्याच्या भांडणात तिची कितीतरी वर्षं गेलेली. ती म्हणाली, "धुऱ्यावर जाऊनच पाहा लागते." तिथे जायचं, तर अर्धी ग्रंथी काढावी लागते. कापायला हवं होतं का, हे कापल्यावरच कळतं.

प्रथिनखुणांची सगळी धडपड हा क्रम उलटवण्यासाठी आहे. कर्करोगाच्या पेशी गॅलेक्टिन-३ किंवा सीके-१९ सारखी काही प्रथिनं जास्त बनवतात. त्यांना चिकटणारं प्रतिपिंड सोडायचं आणि कुठे तपकिरी रंग चढतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. (यातलंच एचबीएमई-१ हे प्रतिपिंड मुळात फुप्फुसाच्या आवरणातल्या वगैरे पेशी ओळखण्यासाठी बनवलेलं. थायरॉइडला ते उपयोगी पडलं, हा योगायोगच.) दोन-तीन खुणा मिळून रंगल्या की संशय बळावतो. पण थायरॉइडला नुसती दीर्घकाळची सूज असली तरी गॅलेक्टिन-३ कधीकधी रंगतं, आणि काही कर्करोग कोरेच राहतात. ३० चा आकडा या खुणांनी वर किंवा खाली सरकतो, शून्य किंवा शंभर होत नाही.

शिवाय धुरा माणसांनीच घातलेला असतो. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून 'कर्करोग' हा शब्दच काढून टाकला. कवच न भेदलेल्या अशा गाठींच्या १०९ रुग्णांवर त्यांनी १० ते २६ वर्षं नजर ठेवली होती. एकालाही रोग उलटला नाही. गाठ तीच, पेशी त्याच, पण आदल्या वर्षी ज्या बाईला कर्करोग होता तिला आता तो नाही. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी होऊ लागल्यावर २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. त्यातल्या किती जणांचे गळे उगाच कापले गेले असतील!

म्हणून एसटीतलं माझं 'नाही' मला अजून सलतं. धीर द्यायला म्हणालो, हे खरं. पण कापायचं की थांबायचं हे तिने ठरवायचं होतं, आणि ज्यावरून ठरवायचं तो आकडाच मी खिशात ठेवला. रात्री तो सांगितला तेव्हा ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "शंभरात तीस म्हणजे लई झाले. पण धान निघू दे आधी." डॉक्टरांनीही तेवढं थांबायला हरकत घेतली नाही.

दिवाळीनंतर अर्धी ग्रंथी काढली. अहवाल आला : कवच शाबूत, निरुपद्रवी गाठ. खाली आणखी एक ओळ होती, गॅलेक्टिन-३ चा रंग काही भागात चढल्याची. ती ओळही मी या वेळी वाचून दाखवली.

"मंग आहे का नाही?"

"डॉक्टर नाही म्हणतात. रंग थोडा चढला आहे."

"तुले काय वाटते?"

दर वर्षी एकदा सोनोग्राफी करू, असं मी म्हणालो. ती म्हणाली, उन्हाळ्यात ठेव, तेव्हा शेतात काम नसते.