पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत

शेतीची सहल हा आता रीतसर धंदा झाला आहे. शहराबाहेर पाच-दहा एकर जागा, बैलगाडीची फेरी, झुणका-भाकर, मुलांच्या हातात चार रोपे आणि चिखलात उभे राहून काढलेला फोटो. संध्याकाळी पाय धुऊन मंडळी घरी. यात वाईट काही नाही. पण भंडारा जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी शेतीचे शिक्षण म्हणून कोणी हाच नमुना पुढे केला, तर थांबून विचार करावा लागेल. तुमसर, साकोली, पवनीत नोकरी करणाऱ्या ज्या घरांत आजोबांच्या टाचांच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत, त्यांच्या नातवंडांना धानाचे रोप दाखवायचे कशाला? ते त्यांनी एसटीच्या खिडकीतून हजारदा पाहिले आहे. दिसत नाही ते वेगळेच आहे. एका बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातल्या, धानामागे किती घरांचा एकमेकांशी व्यवहार असतो, हे खिडकीतून कळत नाही.

धान हे मुळातच एकट्याने करायचे पीक नाही. कापूस किंवा तूर आपल्या शेतात, आपल्या मर्जीने घेता येते. बांधीतल्या धानाला पाणी लागते आणि पाणी धुरा (शेताचा बांध) ओळखत नाही. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत जाते. वरच्याने आज युरिया फेकला आणि रात्री धुरा फुटला, तर खत खालच्याच्या धानाला मिळते आणि भांडण दोघांच्या वाट्याला येते. वरच्याने पाणी अडवून धरले तर खालच्याचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, रोवणीआधीच जून होते. साधारण तीन आठवड्यांचे पऱ्हे लावायचे, असे शास्त्र सांगते, पण ते पाळता येईल की नाही हे बहुतेकदा शेजाऱ्याच्या हातात असते. शेती शिकणे म्हणजे इथे आधी शेजार शिकणे.

या शेजाराची व्यवस्था भंडाऱ्यात फार जुनी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती आणि कोहळी समाजाने या कामात नाव कमावले, असे या भागाची परंपरा सांगते. उताराचा अंदाज घेऊन पाळ कुठे टाकायची, सांडवा किती उंचीवर ठेवायचा, पाट कोणत्या बाजूने काढायचा, हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात मिळत नव्हते. तलावात ढिवर समाजाचे लोक मासे धरत, सिंगाडा लावत. काठावर गुरे पाणी पीत. उन्हाळ्यात गाळ उपसून बांध्यांत जाई. एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क होता आणि म्हणून अनेकांची जबाबदारीही.

या चित्राला सोनेरी चौकट लावायचे कारण नाही. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा, हा मालकच होता आणि पाळीवर माती टाकणारे हात वेठीचेही असत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे चांगलेच झाले. मात्र मालक गेल्यावर तलाव गावाकडे न येता सरकारकडे गेले आणि पुढे त्यातले बहुतेक जिल्हा परिषदेच्या वहीत चढले. पाळ खचली की पाहायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर गावातून उठून कार्यालयात जाऊन बसले. गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली, पाट बुजले. ज्याला जमले त्याने बोअर मारली. पुढे गोसीखुर्दचे कालवे आले. त्या धरणाची पायाभरणी 1988 सालची. कालव्याच्या पाण्याने अनेकांच्या घरी धान आले, हे खरे. पण कालव्याचे पाणी वरून सुटते, ते कधी सुटणार याची वाट पाहायची असते. तलावाचे पाणी किती आणि कोणाला, हे पाळीवर बसून ठरवावे लागे. पाळीवरच्या त्या बैठका मोडल्या तशी गावाची एक शाळाही मोडली.

शेतातली शाळा काय करू शकते, याचे उदाहरण शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. 1983 साली ‘पटेल 3’ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. दुसऱ्या कोणी भेसळ म्हणून त्या उपटल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्या काळी दिमाखात असलेल्या घड्याळावरून त्या धानाला ‘एचएमटी’ हे नाव मिळाले आणि ते अनेक राज्यांच्या बांध्यांत पोहोचले. त्यातून इतरांनी पैसा केला. खोब्रागडे 2018 मध्ये गेले ते हलाखीतच. या कहाणीतून जिद्दीचा धडा सगळेच काढतात. मला त्या तीन लोंब्या दिसण्याचे महत्त्व अधिक वाटते. अख्खी बांधी निसवलेली असताना तीन लोंब्या वेगळ्या आहेत हे कळायला ती बांधी आधी शेकडो वेळा पाहिलेली असावी लागते. एका दिवसाच्या सहलीत ही नजर येत नाही. तिला हंगामामागून हंगाम लागतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बाजूला सारता येत नाही. ‘आमच्या आईने कंबर वाकवून रोवणा केला तो आम्हाला चिखलातून काढायला, आता तुम्ही आमच्या मुलांना पुन्हा चिखलात उतरवता?’ या आक्षेपाला इथे इतिहास आहे. 1948 साली घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कोरडे ओढणारे डॉ. आंबेडकर 1954 मध्ये याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. ते हरले, पण त्यांचा शिकण्याचा आग्रह इथल्या वस्त्यांनी मनावर घेतला आणि शाळा हाच जमीनदाराच्या बांधीतून बाहेर पडायचा रस्ता ठरला. त्याआधी, ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची, नई तालीमची कल्पना मांडली होती. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेती करत शिकतात. पण देशभर ती कल्पना रुजली नाही, कारण ती गरिबाच्या मुलाला गरिबाच्याच कामात ठेवील, अशी शंका पालकांना होती. शंका खोटी नव्हती. कुदळ कोणाच्या मुलाच्या हातात आणि पुस्तक कोणाच्या, याचा इतिहास त्यांच्या पाठीशी होता.

म्हणून सामुदायिक शेतीचे शिक्षण भंडाऱ्यात सुरू करायचे तर पहिली अट अशी की बांधीत सगळ्यांची मुले उतरली पाहिजेत. तलाठ्याचे, डॉक्टरचे, शेतमजुराचे, ढिवराचे. दुसरी अट, शिकवणाऱ्याला मोल मिळाले पाहिजे. रोवणीची खरी जाणकार बाई गुत्त्यावर (ठेक्यावर) राबणाऱ्या टोळीत असते. पऱ्ह्याची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन रोपे वेगळी, दोन बोटांनी चिखलात उथळ रोवली, पाय एक पाऊल मागे. खोल गेले तर फुटवे कमी येतात, हे ती पुस्तकाशिवाय जाणते. तिला ‘मदतनीस’ म्हणून न बोलावता गुरू म्हणून बोलवावे आणि त्या दिवसाचे मानधन मजुरीपेक्षा जास्त असावे. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातला शास्त्रज्ञ तिच्या शेजारी उभा राहिला, तर दोघांचेही भले.

आता प्रत्यक्ष रूप. तलावाखालची एखादी एकरभर जमीन, वीसेक कुटुंबे, जवळची जिल्हा परिषद शाळा, तलावावरची मच्छीमार संस्था. उन्हाळ्यात गाळ काढण्यापासून सुरुवात. मृगाच्या तोंडावर बियाणे मिठाच्या पाण्यात टाकायचे. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात आणि घनतेचा धडा दहा मिनिटांत होतो. मग पऱ्हे, रोवणी, निंदण, धुऱ्यावर तूर. तुडतुडा आला तर फवारायचे की पाणी काढून पाहायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. लोंब्या निसवल्या की भेसळ काढायची. एखाद्या बांधीत चिन्नोर लावावा. भंडाऱ्याच्या या सुगंधी धानाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण कमी उतारा आणि लोळण्याची खोड यांमुळे तो मागे पडत गेला. सुगंध हवा तर कमी उत्पादनाचा भार कोणी उचलायचा? हा प्रश्न मुलांनी सातवीतच सोडवायला घ्यावा.

त्याचे एक उत्तर जगात इतरत्र सापडलेले आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने ग्राहक कुटुंबे थेट शेतकऱ्याशी बांधली गेली. अमेरिकेत 1986 पासून हंगामाआधीच पैसे भरून पिकाचा वाटा घेणारे गट उभे राहिले. पीक बुडाले तर तोटाही वाटून. आपल्याकडे 2017 मध्ये राज्य सरकारने गटशेतीची योजना आणली. किमान वीस शेतकरी, शंभर एकर आणि मोठे अनुदान. हेतू चांगला, पण अनुदानासाठी जमलेला गट अनुदानाबरोबरच पांगण्याची भीती असते. कुटुंबे जोडायची तर आधी जोखीम वाटावी लागते, नफ्याचा विचार मागाहून करता येतो. म्हणून आपल्या वीसेक कुटुंबांनीही हंगामाआधीच पैसे भरून पिकाचा वाटा घ्यावा.

खरी परीक्षा चांगल्या वर्षी होणार नाही. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून झालेले असते, भारी धान उभे असते. एखाद्या दिवाळीला अवकाळी पावसात कापून पसरलेल्या धानाच्या कडपा भिजतील, धानाला जागेवरच कोंब फुटतील आणि शहरातली कुटुंबे हिशेबाला बसतील. भरलेले पैसे परत मागायचे, की ओले धान वाळवायला रविवारी गावात जायचे? बहुतेक जण पहिल्या वर्षी पैसे मागतील, ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. पण वीसांतली पाच घरे गावात गेली आणि त्यांच्या मुलांनी ओल्या धानाला व्यापारी काय भाव सांगतो ते स्वतःच्या कानांनी ऐकले, तर आधारभूत किंमत, पीकविमा, नुकसानीचे पंचनामे हे शब्द त्यांना पुढे कधी समजावून सांगावे लागणार नाहीत. ती मुले शेतकरी व्हावीत अशी अपेक्षा नाही. ती अधिकारी होतील, व्यापारी होतील, मतदार तर नक्कीच होतील. धानाच्या भावाचा निर्णय यांच्यापैकीच कोणीतरी घेणार आहे. तो घेणाऱ्याने एकदा तरी भिजलेल्या धानाचा वाटा घरी नेलेला असावा, एवढ्यासाठी ही खटपट करायची.