सोसण्याचा उपदेश कुणी कुणाला करावा?



रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या काही व्यक्ती आपल्या परिचयाच्या असतात. सगळे गुडघे टेकतात तेव्हा त्या बसूनच राहतात. जखम दिसत नाही, एक्स-रेतही फारसे काही सापडत नाही. कुणाचे मणक्याचे ऑपरेशन होऊन वर्षे लोटलेली असतात, पण कंबरेतून पायात उतरणारी कळ काही जात नाही. मिस्सानंतर आपण चौकशी करतो आणि सहज बोलून जातो, "प्रभूचा क्रूस समजून सोसा." आपला हेतू चांगला असतो. पण तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

अशा वेदनेवर वैद्यकशास्त्राने एक वेगळा मार्ग शोधला आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते. दुसरी संवेदना तेथे पोहोचली, की ते दार थोडे मिटते. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, त्याने बरे वाटते ते यामुळेच. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शिली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूला सौम्य विद्युतप्रवाह देणारे उपकरण बसवले. आज पाठीच्या कण्यात बारीक तारा सरकवून पेसमेकरसारखे छोटे यंत्र त्वचेखाली ठेवतात. रिमोट रुग्णाच्याच हाती असतो.

या उपचाराने दुखण्याचे मूळ जात नाही. आधी काही दिवस यंत्र शरीराबाहेर ठेवून चाचणी घेतात. वेदना निम्म्याने कमी झाली, तर सहसा ते कायमचे बसवतात. खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय ते किती उपयोगी आहे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२२ साली नॉर्वेतील ५० रुग्णांच्या अभ्यासात प्रवाह चालू असतानाच्या आणि रुग्णाला न कळता बंद असतानाच्या काळात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून कुणी ते तारणहार समजू नये. निर्णय डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावा.

परंतु या उपचारात एक गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. ताप मोजायला थर्मामीटर आहे, वेदना मोजायला तसे काही नाही. चाचणीनंतर डॉक्टर रुग्णालाच विचारतात, "किती कमी झाले?" आणि त्याच्या शब्दावर पुढचा निर्णय अवलंबून राहतो. म्हणजे उपचाराच्या आधी विश्वास यावा लागतो. आपण मात्र पुष्कळदा घरातल्या माणसावरही तेवढा विश्वास ठेवत नाही. "काल तर बरी होतीस," असे म्हणून मोकळे होतो.

वेदना कमी करून घेणे म्हणजे क्रूस नाकारणे आहे का? हा प्रश्न इटलीतील भूलतज्ज्ञांनी ख्रिस्तसभेपुढे ठेवला होता. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी त्याचे उत्तर दिले. वेदना नाकारलीच पाहिजे असे नाही, तशीच ती सोसलीच पाहिजे असेही बंधन ख्रिस्ती माणसावर नाही, असा त्याचा आशय होता. स्वतः प्रभू येशूने गेथसेमनी बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याची विनवणी केली. ती विनवणी दुबळेपणाची होती असे आपण कधी म्हटले आहे का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर पत्र लिहिले. त्यात दुःखाचे तारणदायी मोल सांगितल्यावर त्यांनी चांगल्या शोमरोन्याकडे आपले लक्ष वेधले. त्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला सोसण्याचा उपदेश केला नाही. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, त्याला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेचे पैसे भरले.

आमच्या मते उत्तर इथेच आहे. माणूस स्वतःची वेदना प्रभूला अर्पण करू शकतो, दुसऱ्याची नाही. अर्पण हे स्वखुशीचे असते. ते आपण दुसऱ्याकडून मागू लागलो, तर तो जुलूम होतो. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपली माणसे उगाच म्हणत नाहीत.

यंत्राने निम्मी वेदना कमी झाली, तरी उरलेली निम्मी घेऊन त्या माणसाला घरी यायचे असते. ज्याला यंत्र परवडत नाही, तो तर सगळीच घेऊन येतो. तेथे आपले काम सुरू होते. मिस्साला जाताना त्याच्यासाठी रिक्षा थांबवावी, खुर्ची पुढे करावी, उपचाराला हातभार लावावा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे.

येत्या आठवड्यात शेवटच्या बाकाकडे जाऊ या. उपदेश न करता एवढेच विचारू या, "आज किती दुखते आहे?" आणि जे उत्तर मिळेल, ते खरे मानू या.